खोट्या खोलीबाहेरच्या चपला

मावला गावातल्या आमच्या घरी ते फिकट लाकडाचं कपाट उघडलं, की लसणाच्या वासाआडून पाइनचा गोडसर वास येतो आणि मी थेट हैदराबादच्या त्या स्वीडिश फर्निचरच्या दुकानात जाऊन पोचते.

तेव्हा घर नवं होतं. फोनवर स्वीडनमधली घरं बघून बघून मलाही तसंच हवं होतं. पांढरं, मोकळं, पसारा नसलेलं. सोबत बाजारहत्नूर गावाहून आलेल्या सासूबाई होत्या. दुकानात अख्ख्या खोल्याच मांडून ठेवलेल्या. पलंगावर उशा, टेबलावर कपबशा, खिडकीत खोटं झाड. पहिल्याच खोलीच्या तोंडाशी सासूबाईंनी चपला काढल्या.

"आई, हे दुकान आहे," मी दबक्या आवाजात म्हणाले.

"काऊन? लोकायच्या घरात चपला घालून जातेत काय?" असं म्हणत त्या आत शिरल्या आणि सोफ्याच्या अगदी कडेला, पाहुण्यासारख्या बसल्या. "घर चांगलं हाय वं. पर घरची बाई कुठी गेली?"

लाजेनं मी समोरच्या कपाटात डोकंच खुपसलं. बाहेर काढलं, तर खोलीबाहेर चपला-बुटांची रांग लागलेली! सासूबाईंचं बघून दोन कुटुंबं अनवाणी आत आली होती, आणि त्या सरकून त्यांना सोफ्यावर जागा करून देत होत्या.

तेच कपाट मी विकत घेतलं, खरं तर चपलांसाठी. घरी आल्यावर सासूबाईंनी त्यात कांदे-लसूण भरले.

"चपला दारातच राहू दे," म्हणाल्या. "घरात मानूस हाय, हे रस्त्यावरून दिसाले पायजे."