जयवंताच्या हातचं पुरण

आमच्या शेजारची जयवंता पाच-पाच गोळ्या खायची, तरी तिचं बीपी दोनशेच्या खाली येत नव्हतं. पण त्या बीपीनं तिला एक सुखही दिलं होतं. महालक्ष्म्यांचं पुरण घाटता घाटता ती चुलीपुढं चक्कर येऊन पडली, तेव्हापासून अकोटच्या त्या घरात तिच्यावर कोणी आवाज चढवत नव्हतं. सासू दुर्गाबाईंनी तोंड उघडलं, की तिचा नवरा शेखर म्हणायचा, "आई, तिचं बीपी वाढते." महालक्ष्म्याही अकोल्याला धाकट्या जावेकडे गेल्या.

यंदा शेखरनं तिला अमरावतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी किडनीच्या रक्तवाहिनीपर्यंत सरकवली अन् त्या वाहिनीभोवतालच्या, बीपी वाढवणाऱ्या नसा आतून चटका देऊन बंद केल्या. मी सोबत होते, बाहेर जप करत. उन्हाळा संपता संपता बीपी एकशे तीसवर आलं, गोळ्या दोनच उरल्या. मी देवापुढं साखर ठेवली.

दुर्गाबाई पेढे घेऊन आल्या. "कौंडण्यपूरच्या रुक्मिणीले बोलली होती मी. सून बरी झाली, तर महालक्ष्म्या आपल्या घरी, अन् एकावन्न सवाशिणी जयवंताच्या हातच्या पुरणावर जेवतीन."

"अहो, पण डॉक्टरांनी विस्तवापुढं फार उभं राहू नका म्हटलं. अन् सोवळ्यात नैवेद्यापर्यंत पाणी नाही, मग गोळी कधी घेईल ती?"

"नवस देवीले केला, डॉक्टरले नाई. तुमी एवढ्या देवाधर्माच्या, अन् तुमीच असं बोलून राहिल्या?"

देवीचं नाव आलं, तसा मी पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून जयवंताचा आवाज आला. "नवस माह्या जिवावर, अन् मले विचारलं काहून नाही?"

"आता काय झालं तुले? मशीनवर आकडा चांगला येऊन राहिला," शेखर म्हणाला.

"सोंग संपलं, म्हणून जीव चालला तिचा!" दुर्गाबाई चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या. या वेळी त्यांना कोणी थांबवलं नाही.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी जयवंता माझ्याकडे पुरणयंत्र मागायला आली. दारातच उभी राहिली.

"काकू, तुमी होत्या ना अमरावतीले. त्या नसा परत चालू होतात का हो?"

"नाही गं, असं कसं होईल? बरी झालीस तू."

"बरी झाली," ती म्हणाली, अन् हात पुढं केला.

पुरणयंत्र मी सकाळीच चिंच लावून घासून ठेवलं होतं. तेच तिच्या हातात दिलं.