नेटवर्क आमेनलाच जातं

जालन्याहून निघाले तेव्हा बाबांनी भर एसटी स्टँडवर माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बाबा चर्चचे पाळक, त्यांची प्रार्थना काही लवकर आटोपत नाही. कंडक्टरसुद्धा थांबला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी म्हणाले, "चुकलीस तर आधी माणसापुढे वाक, बाई. मग देवापुढे गुडघे टेक." मी मनात म्हटलं, शिकलेली नर्स मी, चुकतेय कशाला!

सौदीत, जेद्दाच्या हॉस्पिटलात सहा वर्षं झाली. इथे चर्च नाही. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा बाबा फोनवरून प्रार्थना करतात आणि मी इकडून आमेन म्हणते.

गेल्या वर्षी माझ्या हातून बेडचा कठडा खाली राहिला आणि एक आजोबा पडले. कपाळाला दोन टाके. इन-चार्जने विचारलं आणि माझ्या तोंडून सटकन निघालं, "रुकसानाने ठेवला असेल." रुकसाना आमच्या वॉर्डातली आया, श्रीवर्धनची, रोज डब्यातला अर्धा मासा मला देणारी. जीभ कशी झडली नाही माझी! तिला वॉर्निंग लेटर मिळालं. आणखी एक आलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास, थेट घरी.

पुढचे तीन शुक्रवार बाबांची प्रार्थना संपत आली की मी फोन कापायची आणि नंतर नेटवर्क गेलं म्हणायची. एकटी असले की देवाकडे दया मागायची, आणि रुकसाना समोरून आली की फाइल तोंडापुढे धरायची. चौथ्या शुक्रवारी बाबा म्हणाले, "नेटवर्क बरं आमेनलाच जातं गं?"

दुसऱ्या दिवशी रुकसाना चादरी बदलत होती, तिथेच तिला सगळं सांगितलं. ती चादरीचे कोपरे खोचत राहिली. मग मीच इन-चार्जकडे जाऊन स्वतःच्या नावाने रिपोर्ट लिहिला. तिचं लेटर रद्द झालं, माझ्या फाइलला लागलं, प्रमोशनही गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

चार दिवस रुकसानाने डबा एकटीनेच खाल्ला. पाचव्या दिवशी डबा पुढे सरकवून म्हणाली, "राग अजून गेला नाय माझा. पन खा."

मी रडत रडत खाल्लं. देवाची दया मी आजवर ऐकली होती, त्या दिवशी ती माझ्या पानात पडली, माझी काही लायकी नसताना.

जालन्याचे तुम्ही सगळे विचारता, घरी कधी येतेस? येईन. पण चूक करून, खाली मान घालून गेलं तरी जिथे जेवायला मिळतं, तेही घरच की. एक इथे वॉर्डात आहे.

त्या शुक्रवारी मी आमेन एवढ्या जोरात म्हटलं की बाबा म्हणाले, "हळू गं, नेटवर्क चांगलं आहे."