तीन ते चार बोलायचं नाही

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. मुंबईच्या हेड ऑफिसशी बोलायला आमच्याकडे भाड्यानं घेतलेली एक थेट लाइन होती. ट्रंक कॉल नोंदवा आणि मग वाट बघत बसा, ही भानगड नव्हती. फोन उचलला की पलीकडे मुंबई.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी दुसरी लाइन मिळेना, म्हणून आमचीच वाटून घ्यायचं ठरलं. दुपारी तीन ते चार कॉम्प्युटर दिवसाच्या उत्पादनाची माहिती मुंबईला पाठवणार, बाकी वेळ माणसं बोलणार. हेड ऑफिसातून आलेल्या इंजिनिअरनं माझ्या बोर्डावर एक खटका बसवला. तो खाली ओढला की कारखान्यातले सगळे फोन त्या लाइनपासून सुटे व्हायचे. शिवाय त्यानं समोर चिठ्ठी चिकटवली : तीन ते चार बोलायचं नाही.

तरी माहिती रोज मध्येच तुटायची. एकदा तुटली की पुन्हा पहिल्यापासून. दोन आठवडे हेच चाललं तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं.

"शनिवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर सगळी लाइन कॉम्प्युटरला देऊन टाकू. तुम्हाला पॅकिंगमध्ये घेऊ."

पॅकिंग म्हणजे पाळ्या. उमरोळीला घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दिवसा शेजारीण बघायची, पण रात्रपाळी लागली तर त्यांचं कोण करणार? मला ऑपरेटरचीच नोकरी हवी होती.

त्या दिवसापासून मी लाइनवर आणखी बारीक लक्ष ठेवलं. लाइन तुटली की कॉम्प्युटरच्या खोलीतून इंजिनिअर ओरडायचा, "गेली!" मी वेळ लिहून ठेवायची. संशय सगळ्यांवर घेतला. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना तर तोंडावर विचारलं, तीन ते चारमध्ये मुंबईशी बोलता का म्हणून.

"अहो बाई, तुमचा खटका खाली असताना माझा फोन म्हणजे नुसतं खोकं. हवं तर घेऊन जा, टेबलावर जागा तरी होईल," ते म्हणाले.

शुक्रवारी कॅन्टीनच्या मावशी चहा घेऊन आल्या. किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतल्या, पन्नाशीच्या, कोणाचीच भीड न ठेवणाऱ्या. खटका खाली होता. मी माझ्या टेबलावरचा काळा फोन उचलला, कानाला लावला आणि ठेवला.

"काय ऐकते गं बाय?"

"लाइन चालू आहे का बघते. कॉम्प्युटरची माहिती जात असली की चुर्र आवाज येतो."

"रोज बगते?"

"दर दहा मिनिटांनी. पण मी बोलत नाही. चिठ्ठी लावलीय ना समोर."

मावशी हसल्या. "पोर निजलंय का बगाया झोळी हलवली तं ते उटनारच ना!"

तेवढ्यात आतून आवाज आला, "गेली!"

मी काळ्या फोनची वायर हातानं चाचपत गेले. ती खटक्याकडे जातच नव्हती, थेट लाइनला जोडलेली होती; खटका खाली असतानाही मी फोन उचलला की लाइनला धक्का बसत होता. लाइन तपासणं हे ऑपरेटरचं कामच, म्हणून पूर्वी कोणीतरी ती तशी दिली होती. मग वही काढली. गेल्या चार दिवसांतली प्रत्येक तूट तीन दहा, तीन वीस अशा माझ्या तपासणीच्या वेळेलाच होती.

मी इंजिनिअरला जाऊन सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. "मॅडम, पंधरा दिवस मी टेलिफोन खात्याला शिव्या घालतोय!" त्यानं वायर सोडवून खटक्याच्या मागून जोडली. "साहेबांना वायरिंगचा दोष सांगू. चूक माझीही आहेच, मी ती वायर बघायला हवी होती."

शनिवारी माहिती एका दमात गेली. साहेबांनी दोष काय होता ते विचारलं. इंजिनिअर "वायरिंग" म्हणाला. मी वही पुढे ठेवली.

"वायर चुकीची होती आणि फोन मी उचलत होते. बोलायचं नाही असं लिहिलं होतं, उचलायचा नाही असं नव्हतं. पण मला कळायला हवं होतं."

साहेबांनी पानं उलटून सगळ्या वेळा वाचल्या. घाई केली नाही. मी उभीच होते.

"स्वतःविरुद्ध इतका नेटका पुरावा कोणी ठेवतं का?" ते म्हणाले. "पॅकिंगचं राहू द्या. जा, चार वाजून गेलेत."

मी जाऊन खटका वर केला. मुंबईशी बोलायला तिघं थांबले होते. आधी प्रयोगशाळेला जोडून दिलं.