आवाज कापायचा नाही

"म्हण, माझी कातडी मिठात मुरलीय."

शिफ्टचे साहेब कमरेवर हात ठेवून सांगत होते. रसायनाची टाकी धुवायला उतरायचं म्हणून मी मास्क मागितला होता, एवढंच. आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. बापजाद्यांचे पाय मिठागरात कुजले. साहेबांना ते ठाऊक होतं.

"खाडीवाल्यांना कसला मास्क? म्हण."

म्हटलं. सगळी शिफ्ट हसली. साहेबांना विनोदाची जाण होती, आम्हांला पोटाची.

मग ते दामूकडे वळले. "तू उतर रे. मास्क नंतर बघू."

दामू माझा शेजारी. उतरला. आतल्या वाफेने त्याचे दोन्ही डोळे गेले.

कंपनीने चौकशी केली. निष्कर्ष असा, की मास्क दिला होता, दामूनेच घातला नाही. धाटावच्या या कंपनीत सुरक्षा सप्ताहाला नारळ फुटतो, शपथ होते, वडा मिळतो. मास्क तेवढा नंतर बघतात.

पण त्या वेळी माझ्या खिशात फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. ठिणगीच्या भीतीने फाटकावर फोन जमा करायचा नियम. मी भाकरीखाली लपवून आत नेला. मास्क मागितला तरी साहेब मागाहून म्हणत, मागितलाच नव्हता. म्हणून नेला.

दामूच्या बायकोला रेकॉर्डिंग पाठवताना मी माझं वाक्य कापलं. लाज वाटली. तिने कंपनीवर दावा लावला आणि तेच कोर्टात दिलं. कंपनीचा वकील म्हणाला, हे कापलेलं आहे, म्हणून बनावट. पहिलं अर्धं खरं होतं.

रोह्याला आमच्या वकीलबाईंनी समजावलं. "चोरून केलं एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही. पण मूळ फोन द्या. रेकॉर्डिंग तुम्हीच केलंत, हे सही करून द्या."

"माझं तेवढं वाक्य..."

"एक अक्षर काढायचं नाही."

म्हणजे नोकरी जाणार. घरात दुसरा पगार नाही. वर भर कोर्टात ते वाक्य, माझ्या आवाजात.

दामूच्या ओटीवर जाऊन बसलो. सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

"मी पण हसलो व्हतो तवा. ता हाय काय त्यात?"

"हाय."

"मंग वाजू दे. आपण हसलो नसतो, तर त्याची जीभ एवढी चालली नसती."

त्याची बायको चुलीपाशी होती. तिकडूनच म्हणाली, "भावजी, ह्यांनी मास्क नाकारला, असा कागदावर हाय. पोरं मोठी होऊन तोच वाचतील."

दुसऱ्या दिवशी मी सही केली. फोन दिला. आठवड्यात कंपनीने मला काढलं. कारण एकच, फोन आत नेला. टाकीबद्दल एक शब्द नाही.

तारखा पडतायत. निकाल काय लागेल, वकीलबाईही सांगत नाहीत. मी प्रत्येक तारखेला जातो. एक दिवस तो आवाज कोर्टात वाजेल. साहेब समोर असतील. मी मान खाली घालणार नाही. विचारतील, हे कोण बोलतंय? सांगेन, मी. आणि मला बोलायला लावणारा तो.