वखारीची खिडकी

इंग्रज अजून जायचे होते तेव्हाची गोष्ट. आमच्या विनोदी बोलपटात पैसा घालायला निपाणीचा एक तंबाखू व्यापारी तयार झाला, म्हणून पटकथा वाचून दाखवायला मी त्याच्या वखारीत गेलो. माझा नायक वखारीतला दिवाणजी. दुपारी पोत्यांवर डुलकी लागते आणि जाग येते ती शंभर वर्षांनी.

मागं बायका तंबाखू चाळत होत्या. कोंदट वखारीत पूड नुसती तरंगत होती. मी नाकाला रुमाल लावून वाचत होतो. मालक मात्र पिंका टाकत खदाखदा हसत होता. उडत्या मोटारी त्याला पटल्या. चंद्रावरचा आठवडी बाजारही पटला. मग नायक आपल्या जुन्या वखारीत शिरतो, तर भिंतींना मोठाल्या खिडक्या आणि बायका खुर्च्यांवर बसून काम करतायत.

मालकाचं हसू थांबलं. "वखारीला खिडक्या? ते काढा मास्तर. कायबी दावलं तर लोकं खरं मानत्यात व्हय?"

शिसारी आली मला. तेवढ्यात मागं एका बाईला खोकल्याची ढास लागली, थांबेचना. मालक वळून खेकसला, "भाईर जाऊन खोक की गं! हितं इनोद ऐकाय येईना झालाय."