धुक्यातल्या तीन ठोक्यांना साक्षीदार हवा आहे

अमोल नगरे, वय चोवीस, मूळ गाव भिगवणजवळ, उजनीच्या काठाला. २०१७ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, व्हँकुव्हरपासून गाडीने दीड तासावरच्या तळ्यात, गार पाण्याने, त्याचा जीव गेला. ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असा शिक्का मारून त्याची फाइल बंद झाली. अन्याय झाला तो त्याच्यावर, माझ्यावर नाही. हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचताना तुम्ही भुताकडे बघाल आणि माणूस विसराल.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. कॉलेजमध्ये इंटरनॅशनल स्टुडंट्सच्या हक्कांची पत्रकं मी लिहिते, पुराव्याशिवाय एक ओळ छापत नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी चक्क हसायचे. आजही भूत-बित मानत नाही. पण एक गोष्ट मला कुठल्याच बाजूने मांडता येत नाहीये...

अमोल माझ्या बॅचचा. घरची पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. इकडे विनिपेगला वगैरे तळी गोठतात, लोक बर्फाला भोक पाडून बसतात. आमच्या बाजूला नुसता पाऊस आणि धुकं, म्हणून भर हिवाळ्यातही कयाकमधून, म्हणजे एकट्याच्या निमुळत्या होडीतून, बास नावाचा मासा पकडता येतो. थंडीत हा मासा तळाशी सुस्त पडतो. गळ त्याच्या नाकासमोरून इतका हळू न्यावा लागतो की बघणाऱ्याला झोप यावी. अमोलला नेमकं तेच आवडायचं. त्या दिवशी आम्ही दोन कयाक भाड्याने घेतले. लाइफ जॅकेट दोघांनीही घातलं होतं. त्याच्या जॅकेटचा पट्टा मी स्वतः आवळला होता.

निघतानाच त्याने वल्ह्याने कयाकच्या कडेवर ठोकून दाखवलं.

“दोन ठोके म्हणजे, कुठंयस? समोरच्यानं तीन द्यायचे — इथंय. आमच्याकडं धुक्यात असंच करत्यात. हाका मारून काय उपयोग नाय, आवाज भलतीकडनंच येतो.”

“खिशात फोन आहे की अमल्या.”

“फोनला रेंज लागती. ठोक्याला लागत नाय. आणि एक ध्यानात ठेव, समोरचा देतोय तोवर आपण थांबायचं नाय. थांबलं की त्याला वाटतं, आपण घरी गेलो.”

तासाभरात माझी बोटं बधिर झाली. मी सारखी हात झटकत होते.

“अगं पत्रकवाली, हलू नको! माशाला निवेदन द्यायचंय का?”

“माझी बोटं गेली रे.”

“जा मग काठाला. हा एक घेतो नि आलोच.”

मी किनाऱ्याला लागले, कयाक ओढून पालथा घातला आणि वळून पाहिलं तर तळं नव्हतंच. पांढरं धुकं, बस्स. त्याला फोन लावला, त्याचा लागला नाही. मग मलाच हसू येत होतं तरी मी वल्हं उचललं आणि पालथ्या कयाकवर दोन ठोके दिले.

धुक्यातून तीन आले. पोकळ, स्वच्छ.

आधी मजा वाटली. पुन्हा दोन, पुन्हा तीन. मग लक्षात आलं की उत्तर जवळ येत नाहीये. जिथून पहिल्यांदा आलं तिथूनच येतंय. वल्हवणारा माणूस एका जागी कसा राहील?

मी कयाक भाड्याने देणाऱ्याकडे धावले. त्याची मोटरबोट धक्क्यालाच बांधलेली होती.

“रिलॅक्स, ही’ज फिशिंग,” तो म्हणाला. “धुकं उठलं की येईल.”

“तो येत नाहीये! ऐका तुम्ही!” मी त्याच्यासमोर वल्ह्याने धक्क्यावर दोन ठोके दिले. तीन आले.

“वुडपेकर,” तो म्हणाला.

सुतारपक्षी! माझ्या दोनाला मोजून तीन देणारा!

पार्किंगमध्ये तेव्हा एक राखाडी व्हॅन होती. आई थर्मासमधून चहा ओतत होती आणि मुलीला म्हणत होती, “टोपी घाल गं, कान गार पडतील.” आपलं मराठी. मुलगी आठ-नऊ वर्षांची, गुलाबी बूट. मी ठोकत होते, तिकडून उत्तर येत होतं आणि ती मुलगी तळ्याकडे बोट करून म्हणाली, “आई, समबडीज नॉकिंग.”

बाबा म्हणाले, “बस गाडीत, थंडी आहे.” आणि ते गेले. त्यांना थांबवायचं मला सुचलं नाही, मी ठोकत होते.

मोटरबोट निघालीच नाही. मीच इमर्जन्सीच्या 911 ला फोन केला. रेस्क्यूवाले आले, तोवर मी थांबले नव्हते आणि तोही थांबला नव्हता. त्यांच्यातल्या एका बाईने माझ्या अंगावर ब्लँकेट टाकलं आणि हातातलं वल्हं काढून घेतलं. “वी नीड क्वायट, हनी.” मी ओरडले, मी दिले तरच तो देतो, द्या ते इकडे! दोघांनी मला धरून गाडीत बसवलं. त्यानंतर एकही ठोका आला नाही.

संध्याकाळच्या आत तो सापडला, तळ्याच्या पलीकडच्या वळणात. जॅकेट अंगावर होतं. कयाक पाण्याने काठोकाठ भरलेला होता.

आता फाइल बंद करणाऱ्यांचा मुद्दा ऐका. अमोलच्या मनगटावर फिटनेस बँड होता. त्यातली नाडीची शेवटची नोंद मी किनाऱ्याला लागण्याआधीची आहे. म्हणजे मी पहिला ठोका दिला तेव्हा तो गेलेला होता, म्हणून मोटरबोट न काढल्याने काहीच फरक पडला नाही. कयाकवाल्याने जबाबात लिहून दिलं की त्याला कसलाच आवाज ऐकू आला नाही. वुडपेकरसुद्धा नाही!

मी म्हटलं, गार पाण्यात असले बँड नाडी धरत नाहीत, तो जिवंत होता. हे सिद्ध करायला मी दुसऱ्या तळ्यावर गेले, तसाच कयाक पाण्याने भरला आणि ठोकला. भद्द... ओल्या पोत्यावर मारल्यासारखं. मी ऐकला तो आवाज त्यातून निघतच नाही. माझाच पुरावा माझ्यावर उलटला.

म्हणजे काय? ठोके माणसाचे असतील तर तो तिथे जिवंत होता आणि बोट बांधून ठेवून त्याला मरू दिलं. माणसाचे नसतील तर ते सगळे सुटले. तुम्ही “बापरे, अंगावर काटा आला” अशी कॉमेंट टाकता ना, तेव्हा तुम्ही त्यांना सोडता. आणि मी शपथेवर यातलं कुठलंच सांगू शकत नाही.

त्याच्या आईने फोनवर एवढंच विचारलं, “ठोकं दिलं व्हतं का त्यानं?”

“हो काकू.”

“मग तू परत देत व्हतीस ना, बाई? थांबली नव्हतीस ना?”

माझ्या हातातून वल्हं काढून घेतलं होतं, ते मी सांगितलं नाही.

राखाडी व्हॅनवाल्यांनो, तुम्ही मराठी आहात, कधीतरी या ग्रुपवर येणारच. मला तुमची सहानुभूती नको. मुलीला समोर बसवा आणि विचारा, त्या दिवशी तळ्यावर कोण ठोकत होतं, आणि किती वेळा. तिला काहीही सुचवू नका. ती जे सांगेल ते खाली लिहा, आजच.