अपहरणाच्या कादंबरीवर आप्पांचं मत

मंडळी, तुम्ही इथे जिचं एवढं कौतुक केलंत, ती राजकीय अपहरणाची कादंबरी मी यवतच्या आमच्या वाचनालयात मागवली होती. आज सकाळी आप्पा ती वाचून परत द्यायला आले. आप्पा म्हणजे ग्रामपंचायतीचे जुने सदस्य. सोबत त्यांच्या पत्नी, आमच्या काकूही होत्या.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"लिहिलंय झ्याक, पण खोटं हाय. ह्यात आमदाराला बांधून उपाशी ठेवलंय. सरपंचाच्या निवडीआधी मला उचललं, तवा तीन दिस महाबळेश्वरला मटण खाऊ घातलं आन् बोटीतबी फिरवलं."

काकू आप्पांकडे वळल्या. "मला तर तुम्ही म्हणला व्हता, खोलीत कोंडलं व्हतं. मी तीन दिस घास गिळला न्हाई."

आप्पा भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागले.

काकूंनी कादंबरी उचलली आणि मला म्हणाल्या, "ही आता माझ्या नावावर लिव्हा." मग आप्पांना म्हणाल्या, "वाचून होईस्तवर भाकरी तुम्ही थापायच्या."

"पानं किती हायती?" आप्पांनी मला हळूच विचारलं.

"चारशे बारा."

मला स्वतःला कादंबरी आवडली होती, पण आप्पांचं म्हणणंही पटलं. तुमच्याकडे निवडीआधी सदस्यांना कुठं नेतात? आणि घरी काय सांगतात?